मिथुनाचा वाटा

1917 साली मणिपूरच्या डोंगरांत कुकी गावप्रमुखांनी मिथुन कापले आणि त्यांच्या मांसाचे तुकडे लांबलांबच्या गावांना धाडले. मिथुन हा गव्याच्या कुळातला, अर्धा पाळलेला आणि अर्धा रानात मोकळा हिंडणारा प्राणी. असा तुकडा ज्यानं स्वीकारून खाल्ला, तो शपथेनं बांधला गेला. संकट जवळ आलं की जळकं लाकूड आणि मिरच्या गावोगाव फिरत. हा निरोप सांगायला वेगळ्या शब्दांची गरज नसे. पहिल्या महायुद्धासाठी इंग्रज सरकारला फ्रान्समध्ये मजूर हवे होते. कुकी प्रमुखांचं उत्तर होतं, आमची माणसं जाणार नाहीत.

या नकारातून पेटलेली लढाई मे 1919 पर्यंत चालली. लष्करी इतिहासात तिच्यावर थोडंफार लिहिलं गेलं आहे. पण ती ज्या श्रद्धेवर उभी राहिली, तिच्याकडे बघितल्याशिवाय या समाजाचा इतिहास हाती लागत नाही.

कुकी या नावाखाली बऱ्याच जमाती मोडतात, आणि त्यांतल्या काहींना हे नाव मान्यही नाही. मणिपूर, नागालँड, आसाम, मिझोराम, त्रिपुरा आणि म्यानमारच्या डोंगरांत त्यांची वस्ती आहे. इथे मुख्यतः मणिपूरच्या थाडो-भाषक कुकींविषयी बोलायचं आहे. त्यांच्या पुराणकथेत माणूस भूगर्भातून वर आला. चोंगथू नावाचा पूर्वज शिकारीला निघाला असता त्याला ‘खुल’ हे विवर सापडलं. त्यातून तो आपल्या माणसांना घेऊन वरच्या जगात आला. वाटेत एक महाकाय सर्प आडवा आला होता. दुसरी कथा लिपीची आहे. ती चामड्यावर लिहिलेली होती आणि ते चामडं कुत्र्यानं पळवलं, म्हणून हा समाज लिपीविना राहिला, असं जुनी माणसं सांगत.

जुन्या धर्मात देऊळ नव्हतं. पाथेन हा सृष्टीचा कर्ता, पण रोजचं दैवत घरातच असे. बोकडाची शिंगं, भोपळा अशा वस्तूंची पवित्र जुडी म्हणजे ‘इन्डोई’. ती घराण्याचं रक्षण करी. ‘थेम्पू’ हा पुरोहितही होता आणि वैद्यही. कोणत्या आजाराला कोंबडं आणि कोणत्याला डुक्कर किंवा मिथुन, हे तो ठरवी आणि तोंडपाठ मंत्र म्हणत बळी देई. ही सगळी विद्या मुखानं चालत आलेली होती.

मेल्यावर आत्मा ‘मिथिखो’ या मृतांच्या गावाला जातो, अशी समजूत होती. वाटेत कुलसामनू नावाची राक्षसीण आत्म्यांना छळते. ज्यानं वाघासारखं मोठं जनावर मारून ‘सा-आई’ हा विधी केला, त्याची वाट सुखाची होई. बाईसाठी ‘चांग-आई’ होता. भाताचं भरघोस पीक काढणाऱ्या बाईच्या नावानं तो गावजेवणासह पार पडे. वाघ मारणाऱ्या पुरुषाच्या बरोबरीनं भात पिकवणाऱ्या बाईला परलोकातलं अभय मिळावं, ही या धर्मातली फार मोलाची गोष्ट आहे. तिची नोंद पुष्कळदा ओझरतीच घेतली जाते.

प्रत्येक विधीत मांसाची वाटणी होई आणि वाटणीतून नाती दिसत. शिकारीतली एक तंगडी ‘हाओसा’ म्हणजे गावप्रमुखाची. कुळातल्या लेकीच्या सासरची माणसं म्हणजे ‘तुचा’. लग्न-मर्तिकाला राबणं, जनावर कापणं आणि वाटे घालणं त्यांच्याकडे असे. माणूस वारला की त्याच्या आजोळाला ‘लोंगमान’ नावाचं देणं द्यावं लागे. परमुलखात मरण आलं तर हे सगळं कोण करणार? फ्रान्सला जायला नकार देताना ही धास्ती मनात नसेल, असं मानणं अवघड आहे.

ऑक्टोबर 1917 मध्ये इंग्रजांनी मोंबी गाव जाळलं आणि लढाई उघडपणे पेटली. थाडो कुळांत वडीलकीचा मान असलेले ऐसानचे चेंगजापाओ डौंगेल प्रतिकाराच्या अग्रभागी होते. कुकींनी झाडीत दबा धरला आणि चामड्याच्या तोफाही बनवल्या. इंग्रजांनी गावं आणि धान्यसाठे जाळत उपासमारीनं त्यांना नमवलं. प्रमुखांना सादिया आणि ब्रह्मदेशातल्या तौंगजी इथे कैदेत ठेवलं. नंतर डोंगरांत उपविभागीय कचेऱ्या आल्या. त्यांतल्या एका ठाण्याला मणिपूरचे महाराज चुराचांद यांचं नाव मिळालं. तेच आजचं चुराचांदपूर.

ख्रिस्ती धर्म या लढाईच्या आधीच येऊन ठेपला होता. 1910 मध्ये वॅटकिन रॉबर्ट्स हा तरुण वेल्श प्रचारक सेनवोन गावी पोचला. त्यानं पाठवलेलं शुभवर्तमानाचं पुस्तक वाचून तिथल्या प्रमुखानंच त्याला बोलावलं होतं. पुढे उत्तरेकडे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशननं कांगपोक्पीला दवाखान्यासह ठाणं मांडलं. पराभवानंतरच्या दशकांत धर्मांतराला वेग आला. इन्डोई घराबाहेर गेली, तांदळाची दारू निषिद्ध ठरली आणि थेम्पूची जागा पाळकानं घेतली. रोमन लिपीत लिहिणं आलं. 1942 मध्ये थाडो भाषेत नवा करार छापला गेला आणि 1971 मध्ये संपूर्ण बायबल.

तरीही वाटणी टिकली. चर्चमध्ये लागलेल्या लग्नातही तुचाची कामं तुचाच करतात आणि वधूमूल्यात मिथुन मोजला जातो. सुगीचा ‘चावांग कुट’ 1 नोव्हेंबरला साजरा होऊ लागला. मणिपुरात त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. बळी गेले, नाच-गाणी उरली आणि प्रार्थना ख्रिस्ती झाली. नाती देवाच्या आधारे उभी होती, असं वाटत होतं. प्रत्यक्षात देव बदलल्यावरही ती उभी राहिली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी एक वळण आलं. कुकी आणि मिझोंपैकी काहींना पूर्वज मनमासी हा बायबलातला मनश्शे वाटू लागला. बळीचे जुने विधी, सर्पाची वाट आणि हरवलेलं चामडं या सगळ्याला त्यांनी इस्रायलच्या हरवलेल्या वंशाशी जोडलं. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंचा शब्बाथ आणि सुंता पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते. या लोकांनी मात्र ज्यू आचार नव्यानं शिकून घेतले. रब्बी एलियाहू अविखाइल यांनी त्यांना बेने मेनाशे हे नाव दिलं. 2005 मध्ये इस्रायलचे सेफार्दी मुख्य रब्बी श्लोमो अमार यांनी त्यांचा दावा मान्य केला, पण रीतसर धर्मांतराची अट कायम राहिली. हजारो लोक तिकडे स्थायिक झाले आहेत. बहुसंख्य कुकी ख्रिस्तीच राहिले आणि अनेकांना हा वंशाचा दावा पटत नाही. एकाच घरातला एक भाऊ रविवारी चर्चला जातो आणि दुसरा शनिवारी सिनेगॉगला, असंही घडतं.