कार्बोनेट आयनाची लुईस संरचना कशी काढतात?

अंड्याचे कवच, शिंपले, संगमरवर, धुण्याचा सोडा या सगळ्यांत कार्बोनेट आयन असतो. त्यात एक कार्बन आणि तीन ऑक्सिजन असून एकूण प्रभार उणे 2 आहे. बंध म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी, ही कल्पना अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी 1916 साली मांडली. त्यावरूनच या संरचनेला त्यांचे नाव मिळाले.

सुरुवात मोजणीपासून करायची. कार्बनचे संयुजा इलेक्ट्रॉन 4, तीन ऑक्सिजनचे 18, म्हणजे 22. बरेच जण इथेच थांबतात आणि पुढे अडकतात. उणे 2 याचा अर्थ आयनाकडे दोन इलेक्ट्रॉन जास्त आहेत, म्हणून एकूण 24. (अमोनियमसारखा धन आयन असेल तर उलटे: 5 + 4 − 1 = 8.) 22 धरून चाललात तर कितीही खटपट केली तरी एखाद्या अणूचे अष्टक अपुरेच राहील.

आता कार्बन मध्ये ठेवा आणि तिन्ही ऑक्सिजनना एकेरी बंधाने जोडा. 6 इलेक्ट्रॉन संपले, 18 उरले. ते तीन-तीन जोड्यांनी ऑक्सिजनभोवती मांडा. ऑक्सिजनची अष्टके पूर्ण झाली, पण कार्बनकडे मात्र 6 च आहेत. नवे इलेक्ट्रॉन आणायचे नाहीत. एका ऑक्सिजनची एक जोडी बंधात सरकवा, तिथे दुहेरी बंध होईल. मग सगळे चौकटी कंसात घालून वर उजवीकडे 2− लिहा. कंस विसरला तर आकृती अपुरी समजतात.

पण दुहेरी बंध नेमका कोणत्या ऑक्सिजनशी? कोणताही निवडा, तीन सारख्याच आकृत्या मिळतात. खरी गंमत इथे आहे. कार्बन-ऑक्सिजन एकेरी बंध साधारण 143 पिकोमीटर लांब असतो, दुहेरी सुमारे 120. प्रत्यक्ष मोजले तर कार्बोनेटमधले तिन्ही बंध सारखेच भरतात, सुमारे 129. म्हणजे आयन एका आकृतीतून दुसरीत उड्या मारत नाही. तो कायमच तिन्हींचे मिश्रण असतो. याला संस्पंदन म्हणतात. म्हणून तिन्ही आकृत्या काढून त्यांच्यामध्ये दोन्ही टोकांना टोक असलेला बाण देतात.