चिखलाच्या वड्या : सोचिमिल्कोची रोपवाटिका

टोमॅटो आणि मिरची थेट शेतात न पेरता आधी त्यांची रोपे वाढवावीत व थंडी सरल्यावर ती जमिनीत लावावीत, ही रीत आज परसबागांतही रूढ असली, तरी तिचे एक अत्यंत कुशल रूप या पिकांच्या मायदेशी, मेक्सिकोच्या खोऱ्यातील सोचिमिल्को येथे सापडते. टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीच्या परिसरातले. त्याला पिकाचे रूप मात्र मेक्सिकोत आले, आणि मिरचीची एक मोठी जातही तेथेच माणसाळली. नाहुआत्ल या तेथील भाषेत ‘तोमात्ल’ हा शब्द गोल, रसाळ फळांना, विशेषतः रसभरीसारख्या पापुद्र्यातील हिरव्या फळाला वापरत, तर तांबडा टोमॅटो ‘शितोमात्ल’ होता. मेक्सिको शहरात हा भेद ‘तोमाते’ व ‘हितोमाते’ या शब्दांत अजून टिकून आहे.

समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवरील या खोऱ्यात हिवाळ्यात दहिवर गोठते आणि कोवळी रोपे जळतात. तेथील उथळ, गोड्या पाण्याच्या सरोवरात गाळ व पाणवनस्पतींचे थर रचून, कडेने विलोची झाडे लावून जे लांबट वाफे उभारले गेले, त्यांना ‘चिनांपा’ म्हणतात. याच खोऱ्यातील आस्तेकांची राजधानी तेनोच्तित्लान येथे घरालगतचे चिनांपा इतके लहान होते की त्यांवर कुटुंबाचे पोट भरणे शक्य नव्हते. त्या खऱ्या अर्थाने परसबागाच होत्या.

रोपांचा वाफा चिनांपाच्या कालव्याकडील टोकाला केला जाई. विसाव्या शतकाच्या मध्यास अभ्यासकांनी नोंदवलेल्या पद्धतीनुसार, लांब दांड्याच्या पिशवीने कालव्याच्या तळाचा गाळ उपसून तो पाणवनस्पतींच्या थरावर पसरत, काही दिवसांनी तो आळला की ताटात थापलेल्या वड्या पाडाव्यात तसे सुरीने त्याचे लहान चौकोन पाडत आणि प्रत्येक चौकोनात बोटाने किंवा काडीने खळगा करून, त्यात बी टाकून, वरून खत भुरभुरवत. या चौकोनाचे नाव ‘चापिन’. दहिवराच्या रात्री वाफ्यावर बोरू, गवत, पुढे तर जुनी वर्तमानपत्रेही अंथरत. वसंतात रोप चापिनसकट उचलून लावले जाई; मुळांना धक्का लागत नसे आणि चिनांपावर आधीचे पीक उभे असतानाच पुढच्याची रोपे तयार होत, त्यामुळे जमीन क्वचितच मोकळी राही.

चिनांपांना ‘तरंगत्या बागा’ म्हणण्याचा प्रघात चुकीचा आहे, कारण हे वाफे तळाशी घट्ट रोवलेले असतात. तरीही ही कल्पना निराधार नसावी. स्पॅनिश धर्मोपदेशक होसे दे अकोस्ता यांच्या 1590 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पाण्यावर हलणाऱ्या शेतांचा उल्लेख आहे, आणि दुसरे स्पॅनिश धर्मोपदेशक दिएगो दुरान यांनी नोंदवलेल्या एका आख्यायिकेत आस्तेकांकडे पिके लावलेला तराफा खंडणी म्हणून मागितला जातो. हे तराफे म्हणजे शेते नसून ओढून नेता येणारे रोपवाफे असावेत, हा तर्क अधिक पटणारा आहे.

सोळाव्या शतकात ही पिके समुद्रापार गेली. 1544 मध्ये इटलीत वनस्पतींचे अभ्यासक मात्तिओली यांनी टोमॅटोची नोंद केली, पोर्तुगीजांमार्फत मिरची गोव्यात उतरली आणि मराठीने ‘मिरी’वरूनच तिचे नाव पाडले. बी आले, चापिन मात्र मागेच राहिले. महाराष्ट्रात रोपे गादीवाफ्यावरून उपटून उघड्या मुळांनीच लावली जात, म्हणून ती दोन-तीन दिवस माना टाकत आणि लागण संध्याकाळी, उन्हे कलल्यावर करावी लागे. मुळांभोवतीच्या गोळ्यासकट रोप देणारा, कोकोपीट भरलेल्या कप्प्यांचा प्रो-ट्रे येथे फार उशिरा आला, तोही प्लॅस्टिकचा.

सोचिमिल्कोचे झरे विसाव्या शतकाच्या आरंभी मेक्सिको शहराच्या नळांकडे वळवण्यात आले आणि आटत चाललेल्या कालव्यांत पुढे शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी सोडावे लागले. 1987 मध्ये हा परिसर जागतिक वारसा ठरला. चापिन अजूनही पाडले जातात, पण बहुधा सॅलडच्या पाल्यासाठी आणि फुलझाडांसाठी. टोमॅटोच्या बाबतीत मेक्सिकोत आघाडी आहे ती दूरच्या, पॅसिफिक किनाऱ्यावरील सिनालोआची.