२९ नोव्हेंबर : भारताचे ‘नाही’

१९४७ : पॅलेस्टाईनची ज्यू आणि अरब अशी दोन राज्ये करण्याचा ठराव न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर, १० देश तटस्थ. देशांची नावे पुकारली गेली तेव्हा भारताचे उत्तर होते, ‘नाही’. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित, म्हणजे कोकणातल्या बांबुळीच्या पंडितांच्या सूनबाई आणि पुढे महाराष्ट्राच्या राज्यपाल. इराण व युगोस्लाव्हियासह भारताने संघराज्याचा पर्याय सुचवला होता. घरच्या फाळणीच्या जखमा तेव्हा ओल्याच होत्या म्हणा! त्या दिवशी शनिवार होता, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार. कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्रायली ज्यू पूर्वी याच वारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. १९७७ मध्ये आमसभेने २९ नोव्हेंबर हाच दिवस पॅलेस्टिनी जनतेशी एकजुटीचा दिन ठरवला.