एका सेकंदाची मुदत

1746 मध्ये ॲबे नोले याने फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्यासमोर 180 शिपाई हातात हात घालून उभे केले आणि लायडन जार या वीज साठवणाऱ्या भांड्यातली वीज त्यांच्यातून सोडली. सगळे एकदम उडाले. दरबाराची करमणूक झाली. त्याच वर्षी लायडनच्या पीटर व्हान मुशेनब्रुकने मात्र पॅरिसला कळवले होते की, फ्रान्सचे राज्य मिळाले तरी तो हा झटका पुन्हा घेणार नाही. वीज तयार करणाऱ्या यंत्रापासून तोडल्यावरही जारमध्ये वीज टिकून राही. 1750 च्या नाताळाच्या तोंडावर जारमधल्या विजेने टर्की मारायला निघालेल्या बेंजामिन फ्रँकलिनलाच ती बसली.

हे भांडे म्हणजे कपॅसिटरच. ते घरातल्या प्लगपर्यंत आले ते रेडिओमुळे. विजेच्या उपकरणांतल्या मोटरच्या ठिणग्यांनी रेडिओवर खरखर होई. तिला आवर घालायला 1934 मध्ये 'सिस्पर' ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. उपाय साधा होता: फेज आणि न्यूट्रलमध्ये कपॅसिटर. पुढे संगणकांच्या पॉवर सप्लायमध्येही हा 'एक्स' कपॅसिटर बसला.

प्लग उपसताना 230 व्होल्टची लाट शिखरावर असेल, तर कपॅसिटरवर 325 व्होल्ट अडकतात. आपल्याकडे आधी बटण बंद करतात, पण त्याने फक्त फेज तुटते. साठा पिनांवर तसाच राहतो. 0.47 मायक्रोफॅरडमध्ये तो जेमतेम 25 मिलिज्यूल. जीव जात नाही, पण शिडीवर उभ्या माणसाचा तोल जाऊ शकतो.

म्हणून कपॅसिटरला समांतर रेझिस्टर लावतात, साठा हळूहळू जिरवायला. किती वेळात, हे मानकांनी ठरवले. संगणकांच्या जुन्या 60950 मानकात व्होल्टेज एका सेकंदात 37 टक्क्यांवर यावे लागे. घरगुती उपकरणांच्या 60335 मध्ये 34 व्होल्टांच्या आत. 0.47 मायक्रोफॅरडला एक मेगओहम जोडला, तर सेकंदानंतर साधारण 39 व्होल्ट उरतात: संगणक पास, मिक्सर नापास!

हा रेझिस्टर प्लग लावलेला असेपर्यंत 53 मिलिवॉट खात राहतो. बंद उपकरणांना 2013 पासून अर्ध्या वॉटची मर्यादा असेल, असे युरोपने ठरवल्यावर तेवढेही खटकू लागले. मग पुरवठा तुटला की मगच रेझिस्टर जोडणाऱ्या चिप वापरात आल्या.

रेझिस्टर तुटला तरी उपकरण पूर्वीसारखेच चालते, कुणाला पत्ता लागत नाही. त्यामुळे जाणते कारागीर प्लग काढल्यावरही आधी पिनांना मीटर लावतात. मग आतल्या मोठ्या कपॅसिटरचा साठा मोजतात, कारण तो पिनांवर दिसत नाही.