बंदीवान पूर्वजाचा शोध

आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ घराण्यांचे मूळ गोव्यात आहे. आपल्या वंशातील कोणी राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेला होता, अशी आख्यायिका एखाद्या घरात ऐकू येते. ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी अशा पूर्वजाचा मागोवा कसा घ्यावा, ह्याचा थोडा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

उदाहरणादाखल सन १७८७ चा कट घेऊ. कांदोळीच्या पिंटो घराण्यावरून तो ‘पिंटोंचे बंड’ म्हणून प्रसिद्ध आहे. १७६१ च्या राजाज्ञेने एतद्देशीय ख्रिस्ती प्रजेस पोर्तुगीजांच्या बरोबरीचा दर्जा दिला होता. परंतु धर्मसंस्थेतील व लष्करातील वरिष्ठ अधिकार बहुधा गोऱ्यांच्याच हाती राहिले. ह्या अन्यायातून असंतोष उद्भवला. पाद्री कायतान फ्रान्सिस्कु कौतु व दिवाडीचे पाद्री जुझे आंतोनियु गोन्साल्विस हे त्या कटाचे पुढारी होत. कट फुटला आणि ४७ जणांस शासन झाले. त्यांत १७ धर्मगुरू व ७ लष्करी अधिकारी होते. १५ जणांना १७८८ च्या डिसेंबरात पणजी येथे देहान्त शासन झाले. १४ धर्मगुरूंची रवानगी लिस्बनला झाली. तेथे तेजु नदीच्या मुखाशी असलेल्या सांव जुलियांवच्या किल्ल्यात ते चौकशीवाचून वर्षानुवर्षे खितपत पडले. कित्येकांनी तेथेच देह ठेवला.

अशा बंदिवानाचा शोध आरंभावा तो धर्मग्रामाच्या वहीपासून. गोव्यात एकच नाव व एकच आडनाव अनेकांचे असते. म्हणून स्नानसंस्काराच्या नोंदीवरून गाव, पिता व माता ही तिन्ही प्रथम निश्चित करावीत. धर्मगुरूला संतती नसते. त्याचा वंश भावाच्या किंवा बहिणीच्या नोंदीतून जुळवावा लागतो. त्यानंतर पणजीच्या दप्तरखान्याकडे वळावे. १५९५ साली स्थापन झालेल्या ह्या संग्रहात ‘मोन्सोंइश दु रेइनु’ नामक बाडे आहेत; पावसाळी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या गलबतांतून राजदरबाराशी झालेला पत्रव्यवहार त्यांत बांधलेला आहे. देशांतर झालेल्यांसाठी लिस्बनचा सागरपार वसाहतींचा दप्तरखाना पाहावा. कुन्य रिव्हारा ह्यांनी ह्या कटावरील ग्रंथ १८७५ साली प्रसिद्ध केला. पोर्तुगीज जाणणाऱ्यास तो उत्तम वाटाड्या होय.

मात्र एक सावधगिरी अवश्य बाळगावी. हे कागद आरोप करणाऱ्यांनी लिहिले आहेत. त्यांत ‘द्रोही’ हा शब्द आढळला म्हणून लज्जित होऊ नये, आणि बेडीतील मनुष्याचा जबाब हे त्याचे अंतःकरण समजू नये. तसेच, केवळ आडनाव जुळले एवढ्यावरून हुतात्म्याचा वारसा सांगणे हेही सत्याला सोडूनच होय.

मग ह्या खटाटोपाचे फळ काय? परदेशच्या कोठडीत मरण पावलेल्याच्या मृत्यूची नोंद त्याच्या गावच्या वहीत सहसा सापडत नाही. आणि नाव विस्मृतीत गेले की त्याच्यासाठी मिस्साही होत नाही. तुम्हांला तुमच्या बंदीवान पूर्वजाचे नाव, गाव व पिता निश्चित कळल्यास ती नोंद धर्मगुरूंच्या स्वाधीन करावी. येत्या २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, वेदीपुढे त्याचे नाव उच्चारले जाईल. ज्याला न्यायासनापुढे बोलू दिले गेले नाही, त्याच्यासाठी आपण देवापाशी एवढे बोलावे, हे आपले कर्तव्यच होय.