खरोशाची लेणी आणि पुराव्याचा प्रश्न

मराठवाड्यातील बौद्ध वारसा म्हटला की अजिंठा-वेरूळचे स्मरण होते. आपल्याच लातूर जिल्ह्यातील, औसा तालुक्यातील खरोशाची लेणी मात्र जळकोटकडील उपासकांच्या बोलण्यात क्वचितच येतात. जांभ्या दगडात कोरलेली ही लेणी सामान्यतः इ. स. ६ व्या शतकातील मानली जातात. नरसिंह, शिवपार्वती, कार्तिकेय, रावण अशी शिल्पे तेथे आहेत. एका लेण्यातील आसनस्थ मूर्ती मात्र बुद्धाची म्हणून सांगितली जाते.

हे तसेच मान्य करावे काय? ध्यानस्थ बुद्ध आणि जैन तीर्थंकर यांचे आसन सारखेच असते. चीवराची रेषा ही बुद्धमूर्तीची खूण, तर निर्वस्त्र देह ही दिगंबर तीर्थंकराची. परंतु जांभा सच्छिद्र असल्याने त्यावरील अशा बारीक खुणा लवकर झिजतात.

ऐकीव गोष्टींवर अथवा परंपरेवर विसंबू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आपला इतिहास आपणांस नाकारला गेला, हे खरे. पण तो परत मिळवावयाचा तो पुराव्यानेच. म्हणून खरोशास अवश्य जावे आणि डोळसपणे पाहावे. पुरावा आपल्या इच्छेविरुद्ध गेला, तरी तो स्वीकारण्यातच धम्माची निष्ठा आहे.