ओतूरचा दावा आणि गावची शाळा

पुण्यात 1873 साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे लोण पुढील दशकात जुन्नर तालुक्यात पोहोचले, तेव्हा ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचे लग्नकार्य ग्रामजोशाला न बोलावता पार पाडले. त्यावर आपला वंशपरंपरागत हक्क बुडाला म्हणून जोशांनी दिवाणी दावा लावला आणि तो मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. एका बाजूस पिढ्यानपिढ्यांचे वतन आणि त्यावर चालणारा चरितार्थ, तर दुसऱ्या बाजूस आपल्या घरचे मंगलकार्य कोणाच्या हातून व्हावे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य. माझा कौल निःसंशय पाटलांना आहे. तथापि दोन्ही घरांची मुले ज्या वर्गात शेजारी बसतात, तेथील शिक्षकाला एवढ्यावर थांबता येत नाही.

पंतोजीच्या पक्षपाताचे शल्य जोतीराव फुल्यांना फार होते. 1869 साली त्यांनी 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' हा पवाडा रचला, आणि 1882 साली हंटर आयोगापुढे त्यांनी मागितले ते शिक्षक शेतकरी वर्गातले, प्रसंगी नांगराची मूठ वा सुताराचा वाकस हाती धरण्यास न लाजणारे, आणि निदान 12 रुपये पगाराचे होते.

आज जुन्नर-आंबेगावच्या शिक्षकाने हा दावा वर्गात अवश्य घ्यावा: जोशांची फिर्याद पाटलांच्या मुलाकडून आणि पाटलांची कैफियत जोशांच्या मुलाकडून मांडून घ्यावी, दोघांनाही पुरता अवधी द्यावा, आणि विचारलेच तर स्वतःचे मत कारणांसह, पण सर्वांच्या शेवटी, सांगावे.